नवेगावचे पाणी, नागझिऱ्याचे रान : व्यक्तिमत्त्व, विचार आणि परिसर

मराठी समीक्षेत ‘लेखकाचे व्यक्तिमत्त्व’ आणि ‘लेखकाचा परिसर’ या दोन संज्ञा कित्येक दशके शेजारी राहत आल्या आहेत. परंतु त्यांच्यात जाणेयेणे फारसे नाही. चरित्राच्या वा मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारा समीक्षक लेखकाच्या बालपणापाशी, त्याच्या दडपलेल्या इच्छांपाशी थांबतो. त्याच्या दृष्टीने परिसर हा केवळ रंगमंचावरील पडदा असतो. उलट, तेनने १८६०नंतरच्या दशकात वंश, परिस्थिती आणि काळ ही त्रयी मांडली, तिचा वारसा कळत नकळत घेतलेली प्रादेशिक साहित्याची समीक्षा परिसराला नियतीचे स्थान देते. मग ‘गारंबीचा बापू’ कोकणच्या मातीतून उगवतो आणि ‘बनगरवाडी’ माणदेशच्या दुष्काळातून. लिहिणाऱ्याच्या मनाने मधे काय केले हा प्रश्न बाजूला पडतो. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीने परिसराला सांस्कृतिक खोली दिली हे खरे. तरी तिच्यातही परिसर हा प्रामुख्याने वारशाने मिळणारा असतो. परिसर स्वीकारणारा, बदलून घेणारा, प्रसंगी परक्याच्या परिसरात जाऊन तेथे नव्याने घडणारा लेखक या चौकटीत नीट बसत नाही.

असा लेखक अपवादात्मक आहे असे मात्र नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यातील दोन स्थळांनी मराठीला असे दोन लेखक दिले, किंवा अधिक नेमके सांगायचे तर, दोन लेखकांनी तेथे जाऊन ती स्थळे मराठीला दिली. नवेगावबांध आणि नागझिरा ही ती स्थळे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ती प्रामुख्याने त्या जिल्ह्यात गेली. ज्या लेखनाचा येथे विचार करावयाचा आहे ते मात्र भंडारा जिल्हा अखंड असतानाच्या अनुभवातून आलेले आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, व्यंकटेश माडगूळकर माणदेशातील माडगूळचे. दोघेही कोरड्या मुलखातून पाण्याच्या मुलखात आले. दोघांच्या घरट्यांत हवेचे अंतर फार नसेल, परंतु एकाच पट्ट्यातल्या रानातून त्यांनी जे आणले ते परस्परांहून इतके भिन्न आहे की परिसर लेखकाला घडवतो हे विधान आहे तसे स्वीकारणे अवघड होते.

मानसशास्त्रात हा प्रश्न समष्टिवादी संप्रदायाने फार चांगल्या रीतीने उपस्थित केला. कोफ्का यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात एका जुन्या जर्मन आख्यायिकेचा आधार घेतला आहे. हिमवादळात एक घोडेस्वार बर्फाच्छादित मैदान तुडवीत रात्री एका खाणावळीच्या दाराशी येतो. कोणत्या बाजूने आलात असे मालक विचारतो, स्वार हात करून दाखवतो, आणि मालक भयचकित होऊन सांगतो की तुम्ही गोठलेले कॉन्स्टन्स सरोवर ओलांडून आलात. हे ऐकताच स्वार गतप्राण होतो. भूगोलाच्या दृष्टीने तो सरोवरावर होता, वर्तनाच्या दृष्टीने मैदानावर. त्याचा घोडा ज्यावर धावला ते पाणी आणि त्याचे मन ज्यावर धावले ते मैदान, अशी दोन परिसरांची फोड कोफ्का यांनी केली. आख्यायिकेचा शेवट अधिक बोलका आहे. पाणी अंतरावर राहिल्यानंतर, त्याचे नाव कळल्यामुळे माणूस मरतो.

कुर्ट लेविन यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धातील सैनिकी अनुभवावरून युद्धभूमीच्या निसर्गदृश्यावर एक लेख लिहिला होता. शांततेच्या काळात सर्व बाजूंना सारखे पसरलेले शिवार आघाडीकडे चालणाऱ्या सैनिकाला दिशा असलेले दिसू लागते. त्याला पुढची आणि मागची बाजू येते, कुठेतरी सीमा येते. झाड हे आडोसा होते, खड्डा हा आश्रय होतो. पुढे १९३६ मध्ये लेविन यांनी वर्तन हे व्यक्ती आणि परिसर यांचे फलन आहे असे सूत्र मांडले. ते पाठ्यपुस्तकांतून इतके फिरले की त्यातला सैनिक हरवला. त्यानंतर अल्बर्ट बांदुरा यांनी १९७८ मध्ये व्यक्ती, वर्तन आणि परिसर हे तिन्ही घटक परस्परांना घडवतात असे प्रतिपादन केले आणि एकेरी कार्यकारणभावाला रजा दिली. तिन्ही कोनांवर बाण काढलेला त्यांचा त्रिकोण विद्यापीठीय टिपणांत शोभून दिसतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तो जसाच्या तसा उचलू नये. बांदुरा यांच्या मांडणीत विचार हा व्यक्तीच्या कोनातच सामावलेला असतो. साहित्यकृतीत तसे नसते. तेथे विचार भाषेच्या रूपाने उघड्यावर येतो, आणि भाषा लेखकाच्या एकट्याच्या मालकीची नसते. ती बरीचशी परिसरातल्या माणसांकडून उसनी घेतलेली असते. म्हणून साहित्यात व्यक्तिमत्त्व आणि परिसर यांच्या व्यवहाराची जागा शब्दांत शोधावी लागते. नवेगावबांधच्या बाबतीत तर ही जागा बोट ठेवून दाखवता येते.

त्याआधी ‘परिसर’ या शब्दाविषयीच एक शंका उपस्थित करणे आवश्यक आहे. नवेगावबांध म्हटले की वाचकाच्या मनात निसर्ग उभा राहतो. विस्तीर्ण जलाशय, भोवती डोंगर, हिवाळ्यात उतरणारी स्थलांतरित बदके. परंतु हा जलाशय निसर्गाने दिलेला नाही. कोलू पाटील कोहळी या पुरुषाने अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांमधील खिंडी बांधांनी बुजवून तो निर्माण केला असे परंपरा सांगते, आणि १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरने ती परंपरा नोंदवली आहे. गोंड राजांनी उत्तरेकडून, काशीच्या मुलखातून, कोहळी लोकांना आणवले अशी त्यांची स्वतःविषयीची आठवण आहे. तलाव बांधणे आणि ऊस पिकवणे ही त्यांची ख्याती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत माजी मालगुजारी म्हणून ओळखले जाणारे जे हजारो तलाव आहेत, त्यांतील फार मोठा वाटा याच समाजाच्या बुद्धीचा व श्रमाचा आहे. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालावी, पाणी सोडण्याचे तुडुम कुठे ठेवावे, जादा पाण्याला वाट देणारी सलंग कुठे काढावी, हा सर्व विचार होता. तो मातीत उतरला आणि दोन-तीन शतकांनी त्याला लोक निसर्ग म्हणू लागले.

कोलू पाटलाची कथा येथेच थांबत नाही. बांध टिकेना, तेव्हा भोवतालच्या सात डोंगरांतील सात बहिणींनी साहाय्य केले असे लोक सांगतात. त्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि कोलू पाटील स्वतः कोलासूर देव होऊन तेथल्याच एका शिखरावर बसला आहे. व्यक्ती परिसर घडवते याचे यापेक्षा शब्दशः उदाहरण सापडणार नाही. येथे व्यक्ती परिसरात विलीन होऊन त्याचा एक डोंगर झाली, आणि पुढच्या पिढ्यांतील माणसाची भीती, नवस, शेताचे वेळापत्रक त्या डोंगराकडे पाहून ठरू लागले. मनोविश्लेषणाचा अभ्यासक येथे पितृप्रतिमेकडे धाव घेईल. घ्यावी, पण पाळ फुटली तर खालच्या बांध्या वाहून जातील ही भीती प्रतीकात्मक नसते, आणि देवाची स्थापना पाळीच्या दृष्टिपथात का झाली याचा उलगडा पाण्याच्या पातळीवरून अधिक सरळपणे होतो.

अशा, मुळातच मनुष्याच्या विचाराने घडलेल्या परिसरात चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आले. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात तेलुगू भाषक कुटुंबात जन्मलेल्या या माणसाची घरची भाषा एक आणि भोवतालची दुसरी होती. कोइमतूरच्या वनविद्यालयात त्यांनी शास्त्रीय शिक्षण घेतले, पुढे संस्कृतचा अभ्यास केला. कोणत्याही वस्तूला एकच नाव असते हा समज अशा माणसाच्या मनात रुजणे कठीण. ही बाब चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवून पुढे जाण्याजोगी नाही. त्यांच्या लेखनाची सारी घडण तिच्यापाशी सुरू होते. ‘पक्षी जाय दिगंतरा’ (१९८३) आणि ‘जंगलाचं देणं’ (१९८५) या पुस्तकांपासून ‘रानवाटा’ (१९९१), ‘रातवा’ (१९९३), ‘नवेगावबांधचे दिवस’, आणि पुढे ‘पक्षिकोश’ (२००२) इथपर्यंत एक गोष्ट सातत्याने दिसते. पक्षी प्रथम दिसतो, मग त्याची नावे गोळा होतात. ढिवर त्याला काय म्हणतात, गोंड काय म्हणतात, संस्कृत ग्रंथकार काय म्हणतात, शास्त्रज्ञ काय म्हणतात. एकाच जीवाला चार नावे मिळाली की तो चार परिसरांत राहू लागतो. ढिवराच्या नावात त्याची माशांशी असलेली स्पर्धा असते, गोंडाच्या नावात त्याचा आवाज असतो, संस्कृत नावात एखादा कविसंकेत असतो. चितमपल्ली यांतील कोणतेही नाव टाकून देत नाहीत. नवेगावच्या माधवराव पाटलांसारखा जाणता सोबती त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येतो, तो याच कारणाने. लेखकाचा परिसर या माणसांच्या बोलण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचतो. रान पाहण्याआधी ते ऐकावे लागते अशी ही पद्धत आहे.

त्यांनी मराठीत रूढ करू पाहिलेल्या संज्ञांकडे या दृष्टीने पाहता येईल. कावळ्यांच्या वीणवसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटले, बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’, आणि पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला ‘रातनिवारा’. तिन्ही शब्द एकाच माणसाचे, एकाच गरजेतून आलेले. परंतु त्यांची जात एक नाही. ‘काकागार’ सरळ कळतो. ‘सारंगागार’ मात्र अडतो. संस्कृतात सारंग म्हणजे हरिणही, मोरही, चातकही, भुंगाही. बगळा त्या गर्दीत सहज सापडत नाही. शिवाय ‘आगार’ म्हटल्याबरोबर आजच्या मराठी कानाला एस.टी.च्या गाड्या ऐकू येतात, त्याला इलाज नाही. हा शब्द कोशाच्या टेबलावर घडला. येथे लेखकाच्या पांडित्याने परिसरावर मात केली आहे. ‘रातनिवारा’चे तसे नाही. त्यात जागेचे वर्णन नाही, झाडाचे नाव नाही. झाड पक्ष्याला काय देते एवढेच त्यात आहे. गिब्सन यांनी १९७९ मध्ये दृष्टिसंवेदनेवरील आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की प्राणी आपल्या परिसरात प्रथम वस्तू पाहत नाही. ती वस्तू आपल्याला काय करू देते ते पाहतो. फांदी म्हणजे बसण्याची सोय, ढोली म्हणजे लपण्याची सोय. ‘रातनिवारा’ हा शब्द पक्ष्याच्या डोळ्यांनी झाडाकडे पाहतो. गिब्सन वाचून तो सुचलेला नाही हे उघड आहे. रानात रात्र काढण्याची वेळ ज्यांच्यावर येते अशा माणसांच्या बोलीच्या वळणावर तो घडला आहे. एकाच लेखकाच्या दोन शब्दांतील हे अंतर त्याच्या व्यक्तिमत्त्वातील दोन ओढींचे अंतर आहे, आणि त्यांपैकी कोणती ओढ कोणत्या क्षणी प्रबळ ठरली हे कळण्यासाठी त्याच्या बालपणात शिरण्याची गरज नाही.

माडगूळकरांचा नागझिऱ्यातील मुक्काम वेगळ्या प्रकृतीचा आहे. ‘नागझिरा’ हे पुस्तक आणि ‘सत्तांतर’ (१९८२) ही छोटी कादंबरी या मुक्कामाची फळे. दुसरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले होते. माडगूळकर तेथे पाहुणे म्हणून गेले. त्यांच्यावर खात्याची जबाबदारी नव्हती आणि परत जाण्याची तारीख निश्चित होती. एके काळी बंदूक घेऊन रानात हिंडलेला, रेखाटने करणारा हा माणूस. शिकाऱ्याचे आणि चित्रकाराचे एका बाबतीत जमते : दोघांनाही स्तब्ध राहावे लागते आणि दोघेही बोलत नाहीत. त्यामुळे माडगूळकरांच्या रानात माणसाचे बोलणे अगदी मर्यादित असते. ‘सत्तांतरा’त ते आणखी मागे सरते. वानरांची टोळी, तिचा म्होरक्या, बाहेरून येणारे नर, झुंज, पराभव, आणि नव्या म्होरक्याने आधीच्याची पिल्ले मारणे, असा तो क्रम आहे. धारवाडच्या परिसरात जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६०नंतरच्या दशकात वानरांच्या टोळ्यांतील ही उलथापालथ नोंदवली होती, आणि सारा हर्डी यांचा अबूच्या वानरांवरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘सत्तांतरा’चे कथानक या ज्ञानाच्या परिघातच फिरते.

कादंबरीचे नाव वाचल्यावर १९७५ ते १९८० या काळातील दिल्ली आठवणे मराठी वाचकाला अपरिहार्य होते, आणि रूपककथा म्हणून तिचे वाचन झालेही. ते वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ‘सत्तांतरा’त राजकारणापेक्षा जुने काहीतरी आहे : जागा आणि अन्न मर्यादित आहेत, एकाने घेतले की दुसऱ्याला उरत नाही. ‘बनगरवाडी’च्या (१९५५) शेवटी दुष्काळाने गाव पांगते, ती पांगापांग जिच्या मनात आहे अशीच नजर नागझिऱ्यातील झाडांकडे या रीतीने पाहू शकेल. नागझिऱ्याच्या सावलीत बसून माडगूळकर माणदेश पाहत होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु लेविन यांच्या सैनिकाला शिवारात जशी आघाडीची दिशा दिसली, तशी माडगूळकरांना त्या रानात हद्द दिसली. आणि उन्हाळ्यात पाणी आटून एकेका पाणवठ्याभोवती सारे प्राणिजीवन गोळा होते, तेव्हा त्या रानानेही त्यांच्या या दृष्टीला पुरावा पुरवला. व्यक्तिमत्त्वाने परिसरातून निवड केली आणि परिसराने त्या निवडीला होकार दिला. असा होकार प्रत्येक परिसर देतोच असे नाही. हीच कादंबरी नवेगावच्या काठावर लिहिली गेली असती असे वाटत नाही. तेथे पाणी आटत नाही, आणि वर्षातून काही महिने ते दूरदेशीच्या पाहुण्यांनी भरलेले असते.

या दोघांत डावे-उजवे ठरवण्याचा मोह टाळता येतो. परंतु दोघांच्या मर्यादा नोंदवणे टाळता येत नाही. माडगूळकरांच्या रानात शिस्त आहे, संयम आहे, आणि गावे जवळजवळ नाहीत. मोहफुले वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारे मजूर यांच्यावाचून भंडाऱ्याचे जंगल असत नाही. त्यांना बाहेर ठेवल्यामुळे कादंबरीला अभिजात कृतीचा आकार आला. पण परिसराचा एक मोठा भाग त्यासाठी खर्ची पडला. हा व्यवहार कलेच्या दृष्टीने फायद्याचा झाला असे म्हणता येईल. तो व्यवहार होता हे मात्र विसरू नये.

चितमपल्लींची मर्यादा उलट्या बाजूची आहे आणि अधिक गंभीर आहे. त्यांच्या लेखनात कोण बोलतो आहे हे पुष्कळदा कळत नाही. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या अंगाला आणि किती उंचीवर बांधले यावरून पावसाचे अनुमान करता येते हा लोकसमज त्यांनी मोठ्या आस्थेने मांडला. दर वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांतून तो फिरू लागतो आणि त्यांच्या नावाच्या आधारावर त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळते. तो समज खरा की खोटा हा पक्षिशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय मोजदादीनेच व्हावा. समीक्षेचा प्रश्न निराळा आहे. ऐकलेले, पाहिलेले आणि ग्रंथात वाचलेले या तिन्हींना एकाच स्वरात सांगण्याची ही शैली कोठून आली? याचे एक उत्तर असे की परिसराने लेखकाच्या विचाराला इतके व्यापले की त्याच्यातला वनविद्यालयाचा विद्यार्थी गप्प झाला. हे उत्तर सोपे आहे, आणि बहुधा चूक आहे. घुबडाच्या कुळातील एका पक्ष्याच्या लोकनावावरून त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चकवाचांदण’ हे नाव दिले आणि त्याखाली ‘एक वनोपनिषद’ असे लिहिले. हा पक्षी संध्याकाळी दिसला तर ओळखीच्या रानात माणूस वाट चुकतो असा समज. वाट चुकण्याच्या समजाचे नाव ज्याने आपल्या आयुष्याला दिले, त्याला वाट म्हणजे काय हे ठाऊक होते. संशय बाजूला ठेवणे ही त्याची निवड होती. ज्या माणसांकडून शब्द घ्यावयाचे त्यांच्या शब्दांची त्यांच्यासमोर उलटतपासणी करावयाची नाही, अशी काहीशी ती निवड आहे. शिष्टाचार म्हणून ती गोड वाटते. ज्ञानाच्या दृष्टीने तिची किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत आज कावळ्याच्या घरट्याच्या बातमीवर विश्वास ठेवून पेरणीचा विचार करणारा वाचक देतो.

दुसरी एक गोष्ट याहून अडचणीची आहे आणि तिच्यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. चितमपल्लींना शब्द देणारी माणसे कोणाशी बोलत होती? ते लेखकाशी बोलत होते असे वाचकाला वाटते, कारण वाचकासमोर पुस्तक असते. पण त्यांच्यासमोर खात्याचा साहेब होता. साहेब मायाळू असेल, जिज्ञासू असेल, त्यांच्या अंगणात बसून ऐकणारा असेल. सरपणाची मोळी आणि माशांचे जाळे यांवर त्याच्या शेऱ्याची सत्ता होती हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. अशा नात्यात सांगितल्या गेलेल्या गोष्टींत काय सांगितले गेले नाही, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवायला हवा. १९७५ मध्ये नवेगाव हे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या उभारणीत चितमपल्लींच्या कामाचा वाटा मोठा आहे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, वनोपज नेता येत नाही. ज्या पायवाटांवर शब्द मिळाले त्या पायवाटांवर शब्द देणाऱ्याला मज्जाव झाला. परिसराने लेखकाचा विचार घडवला, लेखकाने परिसर बदलला. या फेऱ्यात तिसराच माणूस परिसराबाहेर पडला. बांदुरा यांच्या त्रिकोणात त्याच्यासाठी कोन नाही.

तलावांचे असेच काहीसे झाले, जरी त्यात साहित्याचा दोष नव्हता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पुढच्या वर्षापासून तलाव शासनाकडे गेले. मालगुजारीतील अन्याय संपणे आवश्यकच होते. पण पाळीवर माती कोणी टाकायची, तुडुम कोणी उघडायचे, सलंग कोणी साफ करायची याचे गावातले ठरलेले नियम हळूहळू सैल झाले, अनेक तलाव गाळाने भरले. नियम गेले तसे शब्दही वापरातून गेले. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आणि प्रतिष्ठेसाठी जे आयुष्यभराचे काम केले त्याचे महत्त्व येथे जाणवते. तरी एखादा शब्द कोशात टिकणे आणि मध्यरात्री पाऊस वाढल्यावर तोंडात येणे यांत फरक राहतोच. कोहळ्यांचा विचार ज्या शब्दांत होता ते शब्द चितमपल्लींच्या पक्ष्यांच्या नावांइतके मराठी साहित्यात आले नाहीत. पाण्यावरचा पक्षी सर्वांना दिसतो. पाण्याखालची मोरी दिसत नाही.

१८ जून २०२५ रोजी सोलापुरात चितमपल्लींचे निधन झाले, पद्मश्री मिळाली त्याच वर्षी. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखांतून ‘अरण्यऋषी’ हे विशेषण इतक्या वेळा आले की त्यांच्या लेखनातील ताण झाकून गेले. ऋषीला परिसर आयता लाभतो आणि त्याचे अंतःकरण आधीच स्थिर झालेले असते. नवेगावच्या काठावरील माणूस असा नव्हता. तो सरकारी नोकर होता, परक्या बोलीचा शिकाऊ विद्यार्थी होता, आणि जे जपायचे त्याची दारे बंद करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यांच्या पुस्तकांतील गोडवा हा या अवघड जागेतून आलेला आहे. तो सोडून केवळ गोडवा वाचला तर लेखक लहान होतो.

महाराष्ट्रात आज सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत. आपले घरटे तो राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात बांधत नाही. तलावांच्या काठच्या गवतात आणि भाताच्या बांध्यांत, रोवणीनंतरच्या उभ्या पाण्यात बांधतो. घरटे दिसले की तेवढा तुकडा न कापता राखणारे शेतकरी या भागात आहेत. त्या बांधीला पाणी कोलू पाटलाच्या किंवा त्याच्यासारख्याच कोणा कोहळ्याच्या तलावातून येते. या शेतकऱ्याच्या निर्णयात देवाचे भय किती, पिकाचा हिशेब किती, पक्ष्याविषयी माया किती आणि अलीकडे ऐकलेल्या संवर्धनाच्या भाषेचा वाटा किती, हे विचारणारी कथा वा कादंबरी मराठीत अजून लिहिली जायची आहे.